अमावास्येचा बार

बाबा, परवाच्या पेपरात पुन्हा तीच बातमी होती. अण्वस्त्रं कमी करायची बोलणी फिसकटली. कारणही तेच, दहिसरच्या आपल्या खोलीत तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवायचात तेच. एक देश म्हणतो, आमच्याकडे येऊन मोजणारे तुम्ही कोण. दुसरा म्हणतो, मोजू देत नाही म्हणजे नक्की काहीतरी लपवताय. मग दोघंही फायली उचलतात आणि आपापल्या विमानात बसतात. मी ते वाचून एवढी वैतागले की पेपर चुरगळून कोपऱ्यात टाकला. मुलगा म्हणाला, "आई, तुझं काय अडलंय एवढं त्यात? तुझी पेन्शन थांबणारे का?" त्याला काय सांगणार. त्याला माहीतच नाही की त्याची आई बावीस-तेवीस वर्षांची असताना या भानगडीच्या एका टोकाला उभी होती आणि त्याचे आजोबा दुसऱ्या टोकाला. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली. तरी या विषयावर भांडायचं म्हटलं की अजून तुम्हीच आठवता, म्हणून लिहायला बसले आहे. आधीच सांगते, रागानं लिहिते आहे.

बोरिवलीच्या टेकडीवरचं आमचं ते भूकंपमापन केंद्र तुम्ही एकदाच पाहिलंत, तेही बाहेरून. आत काय चालतं ते मी तुम्हाला दहा वेळा सांगितलं असेल, पण तुम्ही तुमच्या सोयीचं तेवढंच उचललंत आणि चाळभर सांगत फिरलात, डॉक्टर छातीचे ठोके बघतो, माझी पोरगी जमिनीचे बघते. आता वाटतं, ते काही फार चुकीचं नव्हतं. खडकात खोदलेल्या एका थंड खोलीत एक ड्रम फिरायचा. ड्रमवर काजळी धरलेला कागद, ती काजळी रॉकेलच्या दिव्यावर आम्हीच धरायचो, आणि त्या काळ्या कागदावरून एक बारीक सुई चोवीस तास पांढरी रेघ ओढत जायची. जमीन हलली की रेघ हलायची. रोज सकाळी कागद उतरवायचा, कुठेही बोट न लावता, नाहीतर दिवसभराची नोंद बोटालाच लागून यायची. मग लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालायचा, वाळला की भिंग घेऊन बसायचं आणि रेघ किती वाजून किती सेकंदांनी हलली ते यादीत लिहायचं. बी.एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसल्यावर मला ही नोकरी लागली होती, तीही तात्पुरती, सहा-सहा महिन्यांची. पहिल्या दिवशी तुम्ही खाणीतला एक काळा चपटा दगड घासून गुळगुळीत करून आणलात. "कागद उडतले तुझे. ह्यो ठेव वयर." काजळीच्या कागदावर दगड ठेवला असता तर कागदाची वाट लागली असती. केंद्राचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, ते तो दगड बघून हसले होते. मी तो टेबलावर ठेवला आणि त्याखाली बसची तिकिटं जमवायला लागले.

साहेब नागपूरकडचे. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, मला सुद्धा अहो-जाहो करायचे. गिरण्यांचा संप होऊन तीन-चार वर्षं झाली असतील त्या सुमाराला, पावसाळा संपता संपता, ते एक पत्र घेऊन आले आणि आम्हा तिघांना समोर बसवून त्यांनी ते समजावून सांगितलं. मोठे देश जमिनीखाली अणुबाँब फोडून बघतात. ते थांबवायचं तर थांबलेत की नाही हे कुणीतरी पाहिलं पाहिजे. जमिनीच्या पोटातला स्फोट डोळ्यांना दिसत नाही, पण हजारो मैलांवरची सुई हलते. मोठ्यांचं रडगाणं असं की लहान स्फोट कुणाला कळायचाच नाही, मग आम्ही थांबायचं आणि समोरच्यानं गुपचूप फोडत राहायचं का? तेव्हा आपल्यासारखे काही देश मध्ये पडले. म्हणाले, आमच्याकडे सुया आहेत, आम्ही दोघांच्याही बाजूचे नाही, आम्ही ऐकतो आणि खरं काय ते सांगतो. हे जमतं का याची एक तालीम होणार होती. वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांनी काही आठवडे आपापल्या याद्या टेलेक्सनं पाठवायच्या आणि शेवटी सगळ्या जुळवून बघायच्या. त्यात आमचं केंद्र होतं. साहेबांनी त्यासाठी दोन वर्षं दिल्लीला पत्रांवर पत्रं लिहिली होती. "आपली यादी बरोबर निघाली तर तपासणं शक्यच नाही असं कुणाला म्हणता येणार नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तालीम नीट पार पडली तर तुमची जागा कायम करा असं मी लिहून देतो." त्या दिवशी मी बोरिवलीहून घरी येईपर्यंत मनातल्या मनात कायम नोकरीच्या पगाराची पहिली साडी घेऊन झाली होती.

अडचण एकच होती, ती म्हणजे तुम्ही. दहिसरच्या पूर्वेचा डोंगर पोखरणारी तुमची दगडाची खाण आमच्या सुईपासून जेमतेम तीन-चार मैलांवर. तुम्ही सुरुंगाचा बार उडवलात की आमची रेघ हलायची. मग दूरदेशीचा स्फोट कुठला आणि तुमचा बार कुठला? म्हणून साहेबांनी खाणमालकाकडून बाराची वही रोज बघायला मागितली. कुठल्या वेळी उडवला, जिलेटिनच्या किती कांड्या भरल्या, खाली सही. जी खूण वहीतल्या वेळेशी दहा मिनिटांच्या आत जुळेल ती खाणीची समजून खोडायची, उरलेल्या पाठवायच्या. दहा मिनिटांची सूट तुमच्या मनगटावरच्या घड्याळासाठी, ते कधी पुढे असायचं, कधी मागे. वही कोण भरतं, साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, माझे वडील, तेच तिथले ब्लास्टर आहेत. साहेबांचा चेहरा खुलला. "मग प्रश्नच मिटला. माणूस आपलाच आहे." बाबा, त्या वाक्यावर मी नंतर किती वेळा कपाळ बडवून घेतलंय. जगभरचे शहाणे तिकडे एकाच गोष्टीवर अडून बसलेत की समोरच्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, जाऊन बघायचं. त्यांचं भांडण सोडवायला आम्ही निघालो आणि पहिल्याच दिवशी ठरवून मोकळे झालो की इथं बघायची गरज नाही, माणूस आपला आहे. कुणालाच ते खटकलं नाही. मलाही नाही.

तुमच्या हाताबद्दल मला कधी शंका नव्हती, हेही लिहायला पाहिजे, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. कॉलेजात असताना एकदा डबा द्यायला खाणीवर आले होते. तुम्ही लाल फडकं घेऊन कड्याच्या टोकाला उभे आहात. तीन शिट्ट्या होतात. खाली कंप्रेसर बंद, क्रशर बंद, बायका पाट्या टाकून शेडच्या मागे जातात. तुम्ही एकेकाला हाक मारून मोजताय आणि एक माणूस कमी भरतो. मुकादम खालून ओरडतो, "अरे उडव ना, झाडीत बसायला गेला असेल तो." तुम्ही म्हणता, "दिसूं दे माका. दिसल्याशिवाय उडवचंय नाय." सगळी खाण पाऊण तास उन्हात थांबलेली, तो माणूस नाडी बांधत बांधत झाडीतून बाहेर येईपर्यंत. सत्तावीस वर्षांत तुमच्या बारानं कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही. असा माणूस वही भरताना मात्र समोर काय झालं याच्याकडे ढुंकून बघायचा नाही.

ती वही तुम्ही घरी आणून भरायचात. पूर्वी आठवड्यातून एकदा, रविवारी जेवणं झाली की जमिनीवर पालथे पडून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच. साडेबारा, साडेपाच. सातही दिवसांचं एका बैठकीत. तालीम सुरू झाल्यावर मी म्हटलं, बाबा, आता रोजची रोज पाहिजे. मग तुम्ही सकाळी चहा पिता पिता आदल्या दिवसाचं भरायचात आणि मी ती वही पिशवीत घालून केंद्रावर न्यायची. आणि अमावास्या. अमावास्येला डोंगराला सुरुंग लावायचा नाही, ही खाणीतली रीत. ती कुणी मोडायचं नाही, मालक सुद्धा नाही. सकाळी हत्यारांपुढे नारळ फोडायचा आणि घरी जायचं. कागदावर मात्र कधी अमावास्या यायची नाही. सुट्टी दाखवली की कांड्यांचा मंजूर कोटा कमी होतो, एकदा कमी झाला की परत वाढत नाही, म्हणून त्या दिवशीही साडेबारा आणि साडेपाच लिहायचं आणि त्या कांड्या पुढच्या बारात जास्तीच्या भरायच्या. सगळेच असं करतात, तुम्ही म्हणायचात. साहेबांना ही रीत माहीत नव्हती. मला लहानपणापासून माहीत होती. हे मी आत्ताच मान्य करून टाकते.

ती अमावास्या दिवाळीनंतरची. तुम्ही घरी होतात. स्टोव्हच्या वाती बदलल्यात, विळीला धार लावलीत, आणि आईनं "आता गप बसा बघू एका जागी" म्हणेपर्यंत तिच्या स्वयंपाकात लुडबुड केलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं वहीत लिहिलंत, मी नेहमीसारखी ती उचलली. केंद्रावर कागद उतरवला, बुडवला, वाळवला, भिंग घेतलं. साडेबाराच्या पुढे सहाव्या मिनिटाला रेघेला एक टोक आलं होतं. मोहरीएवढं. तुमच्या बाराची खूण तशी नसायची. ती झाडूसारखी पसरायची. हे टोक एकटंच होतं. माझा हात थांबला, एवढं नक्की आठवतंय. साडेपाचच्या जागी तर काहीच नव्हतं, सरळ रेघ. पण वहीत तुमचं अक्षर होतं, वीस कांड्या लिहिलेल्या होत्या, खाली सही होती, आणि टेलेक्सवाला दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मी त्या टोकाशी पेन्सिलीनं 'खाण' असं लिहिलं आणि यादीतून ते वगळलं. साडेपाचचा बार लहान असेल, सुईला कळला नसेल, असं मनाशी म्हटलं. अमावास्या आठवली का? आठवली असणारच. आदल्या दिवशीचा नारळाचा प्रसाद माझ्या डब्यात होता.

तीन आठवड्यांनी सगळ्यांच्या याद्या जुळवलेलं पत्र आलं. त्या दिवशी दूर कुठल्या वाळवंटात जमिनीखाली एक अणुस्फोट झाला होता आणि बहुतेक सगळ्या केंद्रांनी तो नोंदवला होता. आमच्या यादीत तो नव्हता. आपल्या केंद्राच्या नोंदीत हा स्फोट का नाही, खुलासा करावा, एवढीच ओळ. साहेबांनी त्या दिवसाचा कागद कपाटातून काढला, खिडकीशी धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला बोलावलं. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "सुईनं ऐकलंय," ते म्हणाले. "खोडलं आपण. आता वही चुकीची असेल, नाहीतर वाचणाऱ्याची चूक असेल. वही चुकीची असेल तर खाणीकडून तसं लेखी आणा. त्या दिवशी बार झाला नाही, एवढं एक वाक्य आणि सही. मग मला लिहिता येईल की आपलं यंत्र आणि आपली माणसं ठीक आहेत, बाहेरून मिळालेली माहिती खोटी होती." पुढे म्हणाले, "नाहीतर लोक हसतील हो. हे जगावर लक्ष ठेवणार म्हणतात आणि यांना अणुबाँब आणि घरामागची खाण यातला फरक कळत नाही."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही मोरीत पाय धूत होतात. मी चप्पल न काढताच सगळं सांगितलं. तुम्ही टॉवेलनं कान कोरत शेवटपर्यंत ऐकलंत.

"मी सही करूचंय नाय," तुम्ही म्हणालात.

"बाबा, एक वाक्य आहे. अमावास्या होती, खाण बंद होती. खोटं लिहा म्हणत नाहीये मी, खरं लिहा म्हणतेय."

"आनी मगे? इन्स्पेक्टर येतलो, पाठच्यो सगळ्यो वह्यो काढतलो. लायसन माझां जातलां, खाण बंद पडतली. तीस माणसां आसत थंय. गिरणीतली माणसां अजून पाट्यो उचलूक मिळतत काय म्हणून दारात येवन उभी रवतत, आनी तू माका सांगतंस सही कर."

"मग खोटं लिहायचं नव्हतं."

"सगळे लिवतत."

"सगळ्यांच्या वहीवरून जगाला यादी जात नाही."

"जगाक काय पडलां हा माझ्या वहीचां? ते फोडतत ते फोडतले. तुझो माझ्यार इस्वास नाय, तसां सरळ सांग ना."

इथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, विश्वासाचा काय संबंध? आई नळाच्या पाळीला स्वतः जाऊन उभी राहते, शेजारच्या काकूंशी तिचा एवढा जिव्हाळा, तरी उभी राहते ना? काकूंना कधी त्याचा राग आला? तुम्ही वात पेटवायच्या आधी माणसं मोजता, तेव्हा त्या माणसांवर तुमचा विश्वास नसतो का?

"थंय चुकलां तर माणूस मरता," तुम्ही म्हणालात. "हंय कोण मरता?"

"माझी नोकरी जातेय इथं."

"तुका दुसरी मिळतली. माका ह्या वयार कोण देतलो?"

आई मध्ये पडली, म्हणाली, आधी जेवून घ्या दोघं. आपण जेवलो. बांगड्याचं तिखलं होतं, तुमच्या आवडीचं, आणि तुम्ही ते मागून मागून खाल्लंत. मला तुमचा तेव्हा भयंकर संताप आला. त्यात वाईट हे की तुमचं म्हणणं मला पटतही होतं. तीस माणसं खरी होती, मी त्यांतल्या निम्म्यांना ओळखत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लेखी काही मिळालं नाही. खुलाशात 'वाचनातील त्रुटी' एवढे शब्द गेले आणि पुढच्या तालमीतून आमचं केंद्र वगळलं. आमच्यामुळे जगाचं काही बिघडलं असं मी म्हणत नाही, तेवढे मोठे आम्ही कुठे होतो. पण साहेबांचं बिघडलं. ते रोज यायचे, कागद बघायचे, सही करायचे, पण दिल्लीला पत्र लिहिणं त्यांनी सोडून दिलं. माझे सहा महिने संपले ते पुन्हा वाढले नाहीत. वर्षभरानं घाटकोपरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. तुमच्याशी त्या काळात मी कामापुरतं बोलायची. भात वाढू का, दार लावून घ्या. तुम्हीही तसेच, वाकडे. आपल्या दोघांपेक्षा ते भांडणारे देश बरे, निदान बोलणी करायला एका टेबलाशी येऊन बसायचे.

मग तुमची छाती बिघडली. खाणीची धूळ, डॉक्टर म्हणाले, काम बंद करा. तुम्ही खाटेवर बसून दिवसभर पेपर वाचायला लागलात, जाहिरातींसकट. तोपर्यंत माझं लग्न झालं होतं आणि मी मुलुंडहून रविवारी भेटायला यायची. अशाच एका रविवारी ती मोठी बातमी होती. दोन बड्या देशांचा करार झाला, एका जातीची क्षेपणास्त्रं दोघांनीही सगळीच्या सगळी मोडायची, आणि खरंच मोडली का, पुन्हा बनवत नाहीत ना, हे बघायला एकमेकांची माणसं एकमेकांच्या कारखान्याच्या फाटकाशी कित्येक वर्षं बसणार. तुम्ही ती बातमी दोनदा वाचलीत, मोठ्यानं, मध्ये मध्ये खोकत. मी भाकऱ्या थापत होते.

"फाटकार बसतले," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याच्या फाटकार. आनी ते बसूक देतले."

तुम्ही पेपरची घडी केलीत, ती मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "तुझां नुकसान माझ्यामुळां झालां गो. एक सही तेवढी. करूक व्हयी हुती मी."

आपलं चुकलं असं तुमच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हटलं, जाऊ दे आता, झालं ते झालं. तुम्ही काही ते जाऊ दिलं नाहीत. त्यानंतर भेटायला येईल त्याला तेच. कंप्रेसरवाला आला, त्याला सांगितलंत. शेजारच्या काकूंना सांगितलंत. माझ्या नवऱ्याला बाजूला बसवून सांगितलंत, "चेडवाची नोकरी मियां घालवलंय." आई म्हणते, शेवटच्या आठवड्यात ताप डोक्यात गेला होता तेव्हासुद्धा तुम्ही वही आणा, वही आणा म्हणत होतात.

आता जे लिहायचं होतं ते. 'लेखी मिळत नाही' असं साहेबांना सांगून मी त्या दिवशी लगेच बाहेर आले नव्हते. त्यांनी मला थांबवलं. तो काजळीचा कागद टेबलावर पसरला, साडेपाचच्या जागेवर बोट ठेवलं, जिथं काहीच नव्हतं, आणि म्हणाले, "सही राहू दे. खाणीचं नावही मी कुठे घालणार नाही. स्थानिक माहिती चुकीची होती, एवढंच लिहीन, आणि तुमच्या शब्दावर लिहीन. मला फक्त सांगा, त्या दिवशी तुमचे वडील कामावर गेले होते का?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्या सरळ रेघेकडे पाहिलं, आणि कागद गुंडाळून ठेवला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. माणूस आपलाच होता ना.

घरी येताना मी स्वतःला समजावलं की तुम्हाला वाचवलं. लायसन, तीस माणसं, सगळं मोजून झालं. पण साहेब खाणीचं नावच घालणार नव्हते, तुमच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, हे मी नीट ऐकलं होतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं. 'मग तुम्हाला माहीत असून तुम्ही ते टोक खोडलंत कसं?' असं, मला. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाचनातली चूक म्हटलं की ती डोळ्यांची होते, आणि डोळ्यांची चूक कुणाचीही होते. त्या एका 'हो'मुळे केंद्र तालमीतून गेलं, साहेबांची दोन वर्षं गेली, माझी नोकरी गेली. तुमच्या सहीची गरजच उरली नव्हती, बाबा. ती मिळाली काय, न मिळाली काय.

हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या खोलीत खाट आणि चूल यांच्यात चार पावलांचं अंतर होतं. दोन वर्षं मी दर रविवारी आले आणि दर रविवारी तुम्ही तेच म्हणालात, आणि मी भाकऱ्या थापत राहिले. आजही हे पत्र लिहून झालं की मी ते मुलाच्या हाती लागणार नाही असं कुठेतरी ठेवणार आहे, बहुतेक फाडूनच टाकेन. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की आजारी माणसाला कशाला आणखी त्रास द्यायचा, म्हणून गप्प बसले. खोटं आहे ते. तुम्ही लोकांना सांगत होतात की पोरीची नोकरी मी घालवली, आणि दर वेळी ते ऐकून मला बरं वाटायचं.